‘शुद्ध’ या शब्दाची परीक्षा

इयत्ता आठवीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतील ‘द्रव्याचें संघटन’ हें प्रकरण मोठ्या माणसांनींहि एकदां चाळावें असें आहे. मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण ही त्यांतील विभागणी सुबोध आहे. ‘कलिल’सारखे शब्दहि आतां मुलांच्या जिभेवर रुळले आहेत. आमची तक्रार आहे ती रसायनशास्त्राच्या वर्गांत पहिल्याच आठवड्यांत ऐकूं येणाऱ्या ‘शुद्ध पदार्थ’ या संज्ञेविषयीं. मूलद्रव्य व संयुग या दोहोंस मिळून ती लावितात.

मराठी घरांत शुद्ध म्हणजे चांगलें, निर्भेळ, सोवळ्यांतलें. शास्त्रांत मात्र ज्याचें संघटन सर्वत्र एकच, तें शुद्ध. त्यांत बऱ्यावाइटाचा संबंध नाहीं. म्हणून डोळ्यांदेखत काढलेलें गाईचें दूध हें मिश्रण ठरतें आणि विषारी पारा शुद्ध ठरतो! मुलाचा गोंधळ झाला तर दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे.

अंबरनाथजवळच्या चिखलोलीसारख्या गांवीं हा गोंधळ केवळ परीक्षेपुरता राहत नाहीं. तेथील धरणाचें पाणी तुरटीनें निवळतें, वाळूच्या थरांतून गाळलें जातें, क्लोरीननें निर्जंतुक होतें. तें पिण्यास योग्य, तरी विरघळलेले क्षार व वायू त्यांत असल्यामुळें मिश्रणच. उलट, शके 982 (इ. स. 1060) च्या शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनींत कारखान्यांचें सांडपाणी वर्षानुवर्षें मिसळत आलें आहे. तसलें पाणी गाळून कांचेसारखें दिसूं लागलें, तरी विरघळलेलें द्रव्य गाळणींतून निसटतेंच; समांगी मिश्रणाचा स्वभावच तो. ‘स्वच्छ दिसतें तें शुद्ध, आणि शुद्ध तें निर्धोक’ असें ज्या मुलाच्या मनांत ठसलें, त्यास येथें कोण सावरणार?

उदाहरणांसाठीं तरी दूर कशास जावें? विम्कोच्या काडेपेट्या याच अंबरनाथांत होत असत. काडीच्या गुलांत पोटॅशियम क्लोरेट, कांचेची पूड, सरस असें मिश्रण. पेटीच्या कडेस तांबडा फॉस्फरस. घासेपर्यंत प्रत्येक द्रव्य आपापला गुण राखून असतें. ठिणगी पडतांच नवीं संयुगें बनतात. मिश्रण व संयुग यांतील भेद व्याख्येच्या चार ओळींपेक्षां या एका काडीनें अधिक लवकर कळतो.

संज्ञा बदलावयाची तर ‘एकद्रव्य’ हा शब्द आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो. तोंवर शिक्षकांनीं वाटीभर नळाचें पाणी मंद आंचेवर आटवून तळाशीं उरणारा पांढुरका थर मुलांस दाखवावा. आणि पाणी अगोदर चाखावयास द्यावें.