जिमी वेब यांची सर्वश्रेष्ठ रचना : 'विचिटा लाइनमन'चा रूपबंधात्मक विचार

प्रस्तावना

एखाद्या लोकप्रिय गीतकाराची सर्वश्रेष्ठ रचना कोणती, हा प्रश्न बहुधा रसिकांच्या गप्पांत निघतो आणि तेथेच विरून जातो. आवडनिवड व्यक्तिसापेक्ष असते, एवढे म्हणून त्याची बोळवण होते. तथापि अनेक चांगल्या रचनांतून एकीची निवड करताना प्रत्येक रसिक कळत-नकळत काही निकष वापरत असतो. हे निकष उघड करून तपासणे हे समीक्षेचे काम आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकन गीतकार-संगीतकार जिमी वेब यांच्या काही प्रमुख रचनांचा या दृष्टीने विचार केला आहे आणि १९६८ मधील 'विचिटा लाइनमन' ही त्यांची सर्वश्रेष्ठ रचना का मानावी, याची कारणमीमांसा केली आहे. ही निवड सहज पटणारी नाही. वेब यांच्या मते हे गीत ध्वनिमुद्रणाच्या वेळी अपुरेच होते. रचनाकार जिला अपूर्ण म्हणतो, ती रचना त्याची सर्वश्रेष्ठ कशी ठरू शकते, हा या विवेचनातील कळीचा प्रश्न आहे.

वेब यांची जडणघडण

जिमी वेब यांचा जन्म १५ ऑगस्ट १९४६ रोजी ओक्लाहोमा राज्यातील एल्क सिटी येथे झाला. वडील बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक असल्याने प्रार्थनागृहातील ऑर्गन आणि सामूहिक स्तोत्रगायन यांचे संस्कार त्यांच्यावर बालपणीच झाले. १९६४ मध्ये त्यांचे कुटुंब कॅलिफोर्नियात आले. अमेरिकेच्या मध्यभागातील सपाट, विरळ वस्तीचा प्रदेश आणि लॉस एंजलिसमधील व्यावसायिक संगीताचे जग या दोहोंच्या सांध्यावर वेब यांची प्रतिभा उभी आहे.

आपल्याकडील भावगीताच्या परंपरेत शब्द एकाचे आणि चाल दुसऱ्याची अशी विभागणी रूढ आहे. 'गीतरामायणा'त ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत यांचा संगम झाला. वेब यांच्या बाबतीत शब्द आणि स्वररचना एकाच व्यक्तीची असते. त्यामुळे शब्दाला स्वराने दिलेली साथ, क्वचित केलेला विरोध, हा सारा एकाच मनाचा व्यापार म्हणून अभ्यासता येतो. मात्र त्यांची बहुतेक गाजलेली गीते इतर गायकांनी गायिली. बीटल्सनंतरच्या काळात गायकांनी आपली गीते आपणच रचावीत, असा प्रघात पडत असताना वेब यांनी इतरांसाठी गीते रचूनच नाव मिळवले.

निवडीचे निकष

सर्वश्रेष्ठ रचना ठरवताना लोकप्रियता हा एकमेव निकष मानला, तर समीक्षेचे काम विक्रीच्या याद्याच करतील. येथे तीन निकष गृहीत धरले आहेत. पहिला, शब्दांचा आशय आणि स्वरांची रचना यांची परस्परांत विरघळलेली एकात्मता. दुसरा, साधनांचा संयम, म्हणजे कमीत कमी सामग्रीतून अधिकात अधिक आशय उभा करण्याची शक्ती. तिसरा, मूळ गायक आणि मूळ ध्वनिमुद्रण बाजूला ठेवले तरी रचना म्हणून टिकून राहण्याची क्षमता.

प्रतिस्पर्धी रचना

या निकषांवर वेब यांची किमान दोन गीते 'विचिटा लाइनमन'ला आव्हान देतात. पहिले 'बाय द टाइम आय गेट टू फिनिक्स'. ग्लेन कॅम्पबेल यांनी १९६७ मध्ये ते लोकप्रिय केले. घर सोडून निघालेला पुरुष प्रवासात एकेक शहर गाठताना मागे राहिलेली स्त्री त्या क्षणी काय करत असेल, याची कल्पना करतो. तीन कडवी, तीन मुक्काम आणि ध्रुवपदाचा अभाव अशी त्याची बांधणी आहे. काळ आणि अंतर यांची सांगड इतक्या थोड्या शब्दांत घालणारे गीत विरळाच. आयझॅक हेज यांनी १९६९ मध्ये त्याचा अठरा मिनिटांहून अधिक लांबीचा आविष्कार सादर केला. मूळ रचनेत किती अवकाश होता, हे त्यातून दिसते. तिसऱ्या निकषावर हे गीत निर्विवादपणे उतरते. परंतु त्याचे सामर्थ्य प्रामुख्याने कथनाचे आहे. कथा उलगडली की भावनेची दिशाही निश्चित होते. स्वररचना त्या कथेला सुंदर साथ देते, पण शब्दांनी न सांगितलेले असे फारसे काही ती सांगत नाही.

दुसरे गीत 'मॅकआर्थर पार्क'. रिचर्ड हॅरिस या अभिनेत्याने १९६८ मध्ये गायिलेली ही रचना सात मिनिटांहून मोठी आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीतातील बहुखंडी बांधणी लोकप्रिय गीतात आणण्याचे धाडस तीत आहे. तत्पूर्वी 'द असोसिएशन' या गायकवृंदाने ती नाकारली होती. हॅरिस यांच्या आवाजात ती अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचली. १९७८ मध्ये डोना समर यांच्या आविष्काराने पहिले स्थान मिळवले. महत्त्वाकांक्षा हाच निकष असता, तर निवड येथेच संपली असती. परंतु पावसात भिजणाऱ्या केकची तिच्यातील प्रतिमा आजवर अनेकांच्या थट्टेचा विषय झाली आहे, आणि ती थट्टा सर्वस्वी अनाठायी नाही. प्रतिमेवर वाद्यवृंदाचा जो प्रचंड भार टाकला आहे, तो तिला पेलत नाही. दुसऱ्या निकषावर ही रचना उणी पडते.

लाइनमनचे काम आणि लाइनमनचे मन

'विचिटा लाइनमन'ची जन्मकथा प्रसिद्ध आहे. 'फिनिक्स'च्या यशानंतर कॅम्पबेल यांना स्थलनामाचा संदर्भ असलेले आणखी एक गीत हवे होते. ओक्लाहोमाच्या ग्रामीण भागातून मोटारीने जाताना वेब यांनी तारांच्या खांबांची न संपणारी रांग आणि एका खांबावर एकटाच काम करणारा लाइनमन पाहिला होता. ती प्रतिमा या गीताचे बीज ठरली. त्या वेळी त्यांच्या वयाला बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

लाइनमन हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. गावोगावी खांबावर चढून तारा जोडणारा हा माणूस सर्वांच्या परिचयाचा असतो. त्याच्या मनात काय चालले आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. वेब यांनी तेच विचारले. गीतात अवघी दोन कडवी आहेत आणि प्रत्येक कडव्याचे दोन भाग आहेत. पूर्वार्धात कामाच्या गोष्टी येतात : उन्हातान्हात बिघाड शोधत फिरणे, तारांवरचा वाढलेला भार, सुटीची निकड, हिमवर्षाव झाल्यास एखाद्या टप्प्यावरील तारांना ताण सोसेल की नाही याची काळजी. उत्तरार्धात तोच माणूस दूर असलेल्या प्रिय व्यक्तीविषयी बोलू लागतो. तारांच्या गुणगुण्यात त्याला तिचा आवाज ऐकू येतो.

यातील कौशल्य असे, की प्रेमासाठी वेगळी, 'काव्यात्म' शब्दकळा वापरलेली नाही. भार, ताण, तार हे शब्द कामाचे आहेत आणि तेच मनाच्या अवस्थेचेही होतात. लाइनवर असणे म्हणजे कामावर असणे आणि दूरध्वनीवर जोडलेले असणे, हा दुहेरी अर्थ मराठी बोलीतही तसाच आहे; त्यामुळे मूळ गीतातील श्लेष येथे समजावून द्यावा लागत नाही. मजूर किंवा कारागीर हा पुष्कळदा कवीच्या करुणेचा विषय होतो. वेब यांचा लाइनमन करुणा मागत नाही. तो आपले काम नीट जाणतो, आणि त्याचे प्रेम त्या जाणतेपणाच्याच भाषेत व्यक्त होते.

स्वररचनेतील स्थलांतर

शब्दांतील ही द्विदल रचना स्वरांतही आहे. कडव्याचा पूर्वार्ध एफ मेजर या स्वरव्यवस्थेत आणि उत्तरार्ध डी मेजरमध्ये बांधलेला आहे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर काम सांगताना एक षड्ज असतो आणि प्रेम सांगताना षड्जच बदलतो. एफला षड्ज मानले, तर डी हा त्याचा शुद्ध धैवत होतो. पाश्चात्त्य संकेतानुसार एफ मेजरमधून डीकडे जाताना डी मायनरची अपेक्षा असते, कारण त्या दोहोंत सर्व स्वर समान असतात आणि घर न सोडता फक्त दालन बदलल्यासारखे वाटते. वेब मायनरऐवजी मेजर योजतात. त्यामुळे डीचा गांधार म्हणून एफ शार्प येतो आणि पूर्वार्धातील षड्ज, म्हणजे शुद्ध एफ, नव्या मुख्य स्वरसंघातातून बाहेर पडतो. प्रिय व्यक्तीची आठवण येताच ज्या स्वराला घर मानले होते, तोच अर्ध्या स्वराने सरकतो.

मायनरच्या जागी मेजर आल्याने विरहाला रडवेपण येत नाही. उलट स्वर उजळतो, आणि हा उजेडच श्रोत्याला व्याकूळ करतो. शब्दांनी उच्चारलेली नाही अशी एक गोष्ट स्वर येथे सांगतात : या माणसाला एकटेपणातच सोबत मिळते. शेवटीही गीत पहिल्या षड्जावर येऊन विसावत नाही. चालता चालता ते विरत जाते. खांबांची रांग जशी क्षितिजापाशी दिसेनाशी होते, पण संपत नाही, तसा हा शेवट आहे.

बा. सी. मर्ढेकर यांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या संघटनेचा विचार मांडला. या गीतापुरते ते तत्त्व लागू करता कामाची आणि प्रेमाची भाषा यांत संवाद, दोन षड्जांत विरोध आणि दोन समान बांधणीच्या कडव्यांत समतोल आढळतो. 'फिनिक्स'मध्ये विरोधाची बाजू क्षीण आहे, तर 'मॅकआर्थर पार्क'मध्ये समतोल ढळतो. तिन्ही तत्त्वे एकत्र नांदतात ती 'विचिटा लाइनमन'मध्ये. पहिल्या निकषाचे उत्तर येथे मिळते.

अपूर्णतेचा प्रश्न

वेब यांनी गीत पाठवले, तेव्हा ते पूर्ण झालेले नाही असे कळवले होते. तिसरे कडवे लिहायचे राहिले होते. कॅम्पबेल आणि निर्माते अल डी लोरी यांनी ते आहे त्या स्थितीत ध्वनिमुद्रित केले. राहिलेल्या कडव्याच्या जागी कॅम्पबेल यांनी सहा तारांच्या बेस गिटारवर मूळ चालच वाजवली. शब्द थांबतात आणि त्यांची रिकामी जागा तार भरून काढते. तारांतून आवाज ऐकणाऱ्या माणसाच्या गीतात यापेक्षा समर्पक तिसरे कडवे सुचणे अवघड होते.

कथा पुढे नेणारे कडवे लिहिले गेले असते, तर ती स्त्री कोण, दुरावा का, भेट होणार की नाही, यांपैकी कशाचे तरी उत्तर द्यावे लागले असते. उत्तर मिळाले असते, तर हे गीत 'फिनिक्स'च्या जातीचे झाले असते. दुसऱ्या कडव्याच्या उत्तरार्धात गरज आणि इच्छा या दोन भावना एकमेकींसमोर ठेवल्या आहेत. त्यानंतर अधिक काही बोलणे म्हणजे बोललेले पातळ करणे होते. म्हणून या गीताची अपूर्णता ही उणीव ठरत नाही; तो त्याचा रूपबंधच आहे. रचनाकाराचा हेतू आणि रचनेची पूर्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तत्त्व साहित्यसमीक्षेने मान्य केले आहे. लोकप्रिय संगीतालाही ते लागू करण्यास हरकत नसावी.

श्रेय कोणाचे?

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. पूर्तता इतरांनी केली असेल, तर श्रेष्ठत्वाचे श्रेय वेब यांना एकट्यांना कसे देता येईल? आरंभीची उतरती बेस स्वरावली कॅरोल के या वादिकेच्या नावे सांगितली जाते. तंतुवाद्यांची योजना डी लोरी यांची आहे. वेब यांच्या घरचा ऑर्गन स्टुडिओत आणून त्यांच्याकडूनच वाजवून घेण्यात आला. तारांतून जाणाऱ्या संकेतांचा भास त्याने निर्माण केला. हे ध्वनिमुद्रण सामूहिक निर्मिती आहे, हे नि:संशय.

तिसरा निकष येथे उपयोगी पडतो. 'द मीटर्स' या न्यू ऑर्लिन्सच्या वाद्यवृंदाने १९७० मध्ये आणि जॅझ गायिका कॅसांड्रा विल्सन यांनी २००२ मध्ये हे गीत आपापल्या शैलीत सादर केले. स्वतः वेब यांनी १९९६ च्या 'टेन ईझी पीसेस' या संग्रहात ते पियानोच्या साथीने गायिले. या आविष्कारांत कॅम्पबेल यांचा स्वच्छ आवाज नाही, डी लोरी यांची तंतुवाद्ये नाहीत. तरीही षड्जाचे स्थलांतर आणि दुहेरी अर्थाची शब्दकळा तशीच राहते, आणि गीताचा गाभा हाच आहे. सहकाऱ्यांनी रचनेतील शक्यता ओळखल्या व खुलवल्या. त्या शक्यता मुळात वेब यांच्या होत्या.

समारोप

प्रसिद्धीनंतर हे गीत अमेरिकेच्या कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या आणि सर्वसाधारण यादीत तिसऱ्या स्थानी पोहोचले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या २०१९ च्या निवडीत कॅम्पबेल यांच्या ध्वनिमुद्रणाचा समावेश केला. हे सन्मान गीताच्या टिकाऊपणाची साक्ष देतात. श्रेष्ठत्वाचा पुरावा मात्र रचनेच्या आत शोधावा लागतो. 'फिनिक्स'मध्ये वेब यांचे कथनकौशल्य आणि 'मॅकआर्थर पार्क'मध्ये त्यांची झेप दिसते. 'विचिटा लाइनमन'मध्ये दोन कडवी, दोन षड्ज आणि शब्दांवाचून सोडलेली एक जागा एवढ्याच सामग्रीतून एका कष्टकरी माणसाचे अंतरंग उभे राहते. तिन्ही निकषांवर उतरणारी वेब यांची रचना म्हणून सर्वश्रेष्ठतेचा मान तिलाच द्यावा लागतो. खांबावरच्या माणसालाही अंतरंग असते, आणि ते सांगायला त्याच्या कामाचीच भाषा पुरते, हे तिने तीन मिनिटांच्या लोकप्रिय गीतात सिद्ध केले.