गैबत आणि प्रतीक्षा : एका श्रद्धेच्या मराठीकरणाचा प्रश्न

अन्य धर्मातील कल्पना आपल्या भाषेत आणताना सर्वांत जवळचा वाटणारा पर्याय हाच पुष्कळदा सर्वांत फसवा ठरतो. शिया पंथातील गुप्त इमामांच्या श्रद्धेविषयी मराठीत लिहावयाची वेळ आली की लेखणी आपोआप कल्कीकडे वळते. अन्यायाने भरलेल्या पृथ्वीवर न्यायाची स्थापना करण्यासाठी कोणी येणार आहे, एवढे साम्य दोहोंत आहेच. तथापि या साम्यावर विसंबून केलेले भाषांतर मूळ वाङ्मयाचा प्राणच हरवून बसते. पुराणांतील कल्की शंभल ग्रामी विष्णुयशाच्या घरी अद्याप जन्मावयाचा आहे. गुप्त इमाम जन्मलेले आहेत, हयात आहेत, केवळ दिसत नाहीत. कल्कीची वाट पाहणे म्हणजे भविष्याकडे पाहणे. इमामांची वाट पाहणे म्हणजे वर्तमानातला विरह सोसणे होय.

द्वादश इमाम मानणाऱ्या शियांच्या श्रद्धेनुसार अकरावे इमाम हसन अल्-अस्करी इ. स. ८७४ मध्ये इराकमधील सामर्रा येथे निवर्तले आणि त्यांचे अल्पवयीन पुत्र महंमद हे बारावे इमाम लोकदृष्टीआड राहिले. त्यानंतर सुमारे ६७ वर्षे एकामागून एक झालेल्या चार प्रतिनिधींच्या द्वारे अनुयायांचे प्रश्न त्यांच्यापर्यंत जात आणि त्यांची उत्तरे परत येत. ही लघु गैबत. ९४१ मध्ये चौथे प्रतिनिधी अली इब्न महंमद अस्-समरी वारले. त्यांच्या जागी कोणी नेमले गेले नाही, आणि महागैबत सुरू झाली. श्रद्धावंतांच्या दृष्टीने ती अद्याप चालू आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे थांबून पाहावे असे काही आहे. या प्रतीक्षेचा उगम केवळ भविष्यवाणीत नाही, तर खंडित झालेल्या पत्रव्यवहारात आहे. जे पूर्वी बोलत होते ते आता बोलत नाहीत, ही तिची मूळ वेदना. बहुसंख्य सुन्नी परंपरेतील महदी मात्र अंतकाळी सामान्य माणसाप्रमाणे जन्म घेणार आहेत. तेथे गुप्ततेचा प्रश्नच नाही. तेव्हा ‘इस्लाममधील महदीची कल्पना’ असे सरसकट एकवचन वापरणेही सैल लेखनाचे लक्षण समजावे लागेल.

मराठी भाषांतरकाराची खरी अडचण शब्दांच्या अभावाची नाही. फारसीच्या दीर्घ सहवासामुळे या श्रद्धेच्या परिभाषेतील शब्दकुळे मराठीत केव्हाच स्थिरावली आहेत. अहमदनगरच्या पहिल्या बुऱ्हान निजामशहाने १५३७ च्या सुमारास शाह ताहिरच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारला, तेव्हा ही परिभाषा मराठी मुलखातील एका दरबारात बोलली जाऊ लागली होती. ‘गैबत’ ज्या धातूपासून आला त्याच धातूचा आपला ‘गायब’. इमामांच्या प्रकट होण्याला ‘जुहूर’ म्हणतात, आणि आपला ‘जाहीर’ त्याच कुळातला. ‘उभा राहणारा’, ‘उठाव करणारा’ या अर्थाची त्यांची पदवी ‘काइम’ आपल्याकडे ‘कायम’ झाली. पण या प्रवासात शब्दांचे तेज उतरले आहे. गायब होते ती चोरीस गेलेली वस्तू, जाहीर होते ती नोटीस, कायम होते ती नोकरी. उलट ‘अंतर्धान’, ‘अवतार’, ‘प्राकट्य’ असे संस्कृत शब्द योजावेत, तर त्यांच्याबरोबर देवत्वाचा अर्थ न बोलावता येतो. खुद्द ‘महदी’ हा शब्दही कर्मणी घडणीचा आहे. त्याचा अर्थ मार्गदर्शक असा नसून ‘ज्याला मार्ग दाखविला गेला आहे तो’ असा आहे. मार्ग दाखविणारा ईश्वर निराळा राहतो. अवताराच्या कल्पनेत हे अंतर पुसले जाते.

ही अडचण सर्वांत तीव्रतेने जाणवते ती ‘दुआ-ए-नुदबा’ या अरबी प्रार्थनेच्या भाषांतरात. नुदबा म्हणजे विलाप. शुक्रवारी सकाळी म्हटल्या जाणाऱ्या या दीर्घ प्रार्थनेची रचना मोठी विलक्षण आहे. आरंभी ईश्वराची स्तुती, मग प्रेषितांची व पैगंबरांच्या घराण्याची कथा, त्या घराण्यावरील आपत्तींचे स्मरण; आणि मग ‘कोठे’ या एका शब्दाने सुरू होणाऱ्या प्रश्नांची मालिका. हे प्रश्न तृतीय पुरुषी आहेत. पुढे मात्र वाक्य वळते आणि अनुपस्थित इमामांनाच द्वितीय पुरुषात संबोधू लागते. ज्यांच्याविषयी आतापर्यंत विचारले जात होते त्यांच्याशीच आता बोलणे सुरू होते. अनुपस्थिती तशीच राहते, तरी तिच्यात एक समोरासमोरपणा येतो. प्रार्थनेचा वाङ्मयीन उत्कर्ष या पुरुषबदलात आहे.

अरबीत या ठिकाणी आदराचा व सलगीचा भेद नाही. मराठीला तो करावाच लागतो. ‘तू’ म्हणावे तर अभंगातील विठ्ठलाशी चाललेले बोलणे कानी पडते आणि इमाम देव होतात. शिया सिद्धान्ताला हे सर्वथा अमान्य आहे. ‘आपण’ म्हणावे तर दरबारी अंतर पडते आणि विलाप अर्जासारखा वाटू लागतो. वडील माणसाला घरात ज्या ‘तुम्ही’ने हाक मारली जाते, तो ‘तुम्ही’ येथे योग्य होय; त्यात आदर आहे, जवळीक आहे आणि ज्याला हाक मारली जाते ते माणूस आहे याची जाणीवही आहे.

अवताराशी सांगड घालणे ही केवळ परक्यांची चूक नव्हे, असा आक्षेप येथे घेता येईल. खोजा समाजाच्या ‘दशावतार’ या गिनानात दहाव्या अवताराचे अलींशी ऐक्य कल्पिले आहे, हे खरे. परंतु ती परंपरा निजारी इस्माइलींची आहे. तेथे इमामांची परंपरा अखंड मानली जाते आणि विद्यमान इमामांना ‘हाजर इमाम’ असेच म्हणतात. जेथे इमाम हजर आहेत तेथे अवताराची भाषा चालू शकली; या दाखल्यावरून गैबतीच्या वाङ्मयाला तीच भाषा लागू करता येत नाही.

प्रतीक्षेच्या मूल्याविषयीही मुस्लिम विचारवंतांत एकमत नाही. इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात महदीविषयक परंपरांची कठोर छाननी केली. १९३० मध्ये ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत इक्बालांनी त्याचा आधार घेऊन सततच्या अपेक्षेच्या वृत्तीवर टीका केली. आणि त्याच इक्बालांनी १९३६ च्या ‘जर्ब-ए-कलीम’मध्ये ‘महदी-ए-बरहक’ नावाची कविता समाविष्ट केली. इराणच्या अली शरीअतींनी १९७१ मधील व्याख्यानात प्रतीक्षेलाच निषेधाचा धर्म म्हटले. प्रतीक्षा म्हणजे निष्क्रियता की आहे त्या स्थितीला दिलेला नकार, हा वाद त्या परंपरेच्या आतला आहे. भाषांतरकाराने तो आपल्या शब्दांच्या निवडीने परस्पर निकालात काढू नये. म्हणून ‘गैबत’ हा शब्द मराठीत तसाच ठेवावा, एकदा त्याचा अर्थ सांगावा, आणि कल्कीला त्याच्या स्वतःच्या पुराणात राहू द्यावे. दोन श्रद्धांचा शेजार समजून घेण्यासाठी प्रथम त्यांच्यामधील भिंत कोठे आहे हे दिसणे आवश्यक असते.