न डसलेला विंचू

बारावीच्या ‘युवकभारती’त एकनाथांचे विंचवाचे भारूड आहे. कळमनुरीत ते पहिल्यांदा शिकवले तेव्हा मी फळ्यावर दोन रकाने पाडले. डावीकडे विंचू, उजवीकडे काम-क्रोध. डावीकडे उतारा, उजवीकडे सत्त्वगुण. मुलांनी वहीत उतरवून घेतले, परीक्षेत लिहिले, गुण मिळवले. भारूडकार ज्या रचनेवर रंगणात लोळण घेतो आणि अख्खा गाव हसवतो, तिच्यावर माझा वर्ग तासभर गप्प बसून होता, आणि मला ते खटकलेसुद्धा नाही.

उपहास शिकवण्याची आपल्याकडची आजची अवस्था त्या तासात पुरती दिसते. सामग्री कमी नाही. त्याच पुस्तकात वसंत सबनीसांची ‘दंतकथा’ आहे, व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकरांचा ‘रंगरेषा व्यंगरेषा’ हा पाठ आहे. पण प्रश्न येतात ते ‘स्वमत लिहा’, ‘स्पष्ट करा’ असे. उपयोजित लेखनात मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख शिकवतात. विडंबन किंवा उपहासाचा एखादा परिच्छेद मुलाला कुणी लिहायला सांगत नाही. अतिशयोक्तीचे लक्षण तोंडपाठ असते, स्वतःची एकही अतिशयोक्ती केलेली नसते. जी गोष्ट कधी हाताने करून पाहिली नाही, ती दुसऱ्याने केलेली ओळखू येत नाही. म्हणून उपहासाचा मजकूर मोबाइलवर आला की चांगली शिकलेली माणसेही तो खरा समजून पुढे धाडतात.

विंचवाच्या निवडीबद्दलही माझी तक्रार आहे. ते मुळात रूपक आहे. त्यात कुणाची झडती घेतलेली नाही. नाथांची धार पाहायची तर ‘रोडगा’ वाचावा. सासरच्या एकेकाला दूर कर म्हणून सून देवीला नवस बोलते. भोळा वाचक तिला दुष्ट ठरवून मोकळा होतो. नीट ऐकले की नवसाचा सगळा सौदा उघडा पडतो, आणि त्याच्याही आत एकटेपणाची, मुक्तीची ओढ सापडते. ‘हिंदू-तुर्क संवाद’ त्याहून अवघड. दोघे एकमेकांच्या धर्माची यथेच्छ उणीदुणी काढतात आणि शेवटी समेटावर येतात. या रचनांमध्ये शिकवण्याची रीत तयारच आहे. नाथ कधी सून होतात, कधी जोशी, कधी जोगवा मागणारी. बोलतोय कोण आणि लिहितोय कोण, यातले अंतर मुलाच्या ध्यानात आले की उपहासाची निम्मी वाट सरते. नाथांचे पैठण इथून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर, आणि बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यातले हे अंतर ओळखायला आम्ही शिकवत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

एक अडचण शब्दातच आहे. ‘व्यंग’ म्हटले की मुलांना आधी शरीरातली उणीव आठवते. व्यंगावर लिहा म्हटले तर पहिल्या वहीत कुणाचे चकणेपण येते, दुसरीत कुणाचा रंग, तिसरीत बायकी चाल. दूरचित्रवाणीवरच्या विनोदाने हेच त्यांच्या कानामनावर बिंबवले आहे. मी आता तो शब्द पहिल्या तासाला वापरतच नाही. ‘उपरोध’ म्हणतो, आणि एकच प्रश्न फळ्यावर लिहितो: हे ज्याला लागतंय, त्याच्या हातात काय आहे? ज्याच्या हातात काहीच नाही त्याला लागत असेल तर ती टवाळी. मुले हा फरक झटकन धरतात. गावात रोज त्यांच्या वाट्याला आलेला असतो.

मराठीत उपहास आणि मास्तरकी यांचे नाते जुने आहे. आचार्य अत्रे पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. ‘झेंडूची फुले’ हा त्यांचा विडंबनसंग्रह 1925चा, आणि पुढे ‘नवयुग वाचनमाला’ही त्यांचीच. विडंबन करायचे तर मूळ कवितेची लय हाडीमासी भिनावी लागते, म्हणजे विडंबन हा वाचनाचाच सर्वांत कडक अभ्यास आहे. ‘भारत कधी कधी माझा देश आहे’ हे शीर्षक देणारे रामदास फुटाणे चित्रकलेचे शिक्षक. शाळेतल्या प्रतिज्ञेत दोनच शब्द घातले, आणि रोज ती म्हणणाऱ्या प्रत्येकाला ते कळले.

आमच्या तालुक्याचेही एक नाव यात आहे. कवी प्रा. फ. मुं. शिंदे कळमनुरी तालुक्यातल्या रुपूरचे. ‘आई’ कवितेमुळे ते घरोघर पोचले, पण सभा हसवत हसवत राजकारणावर बोट ठेवणारे फ. मुं. मराठवाड्याने जास्त ऐकलेत. 2014मध्ये सासवडच्या 87व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. सासवड म्हणजे अत्र्यांची भूमी. माझ्या वर्गातल्या मुलांना ‘आई’ येते. ती लिहिणारा माणूस इतके बोचरे बोलतो, याची त्यांना कल्पना नसते.

शिक्षक भितात, हेही खरे. 2012चे प्रकरण ठाऊक असलेला शिक्षक दोनदा विचार करतो. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे 1949चे व्यंगचित्र होते: संविधानाची गोगलगाय, तिच्यावर बसलेले बाबासाहेब, मागे चाबूक घेतलेले नेहरू. संसदेत गदारोळ झाला, सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी सल्लागारपद सोडले, पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. ती मोडतोड निषेधार्हच. पण ज्यांना ते चित्र लागले त्यांना विनोदबुद्धी नाही, असे म्हणणेही मला पटत नाही. 1949च्या दिल्लीत ते संथ कारभारावरचे भाष्य होते. साठ वर्षांनी एखाद्या वस्तीतल्या मुलीला त्यात आधी चाबूक दिसतो. दोन्ही वाचने वर्गात समोरासमोर ठेवता आली असती. सरकारने चित्र काढून टाकायचे जाहीर केले आणि ती चर्चाच मिटली.

यंदा मी ‘रोडगा’ आधी नुसता म्हणून घेतला, सुनेच्या ठसक्यात. मुले हसली. मग म्हटले, तुमच्या गावातल्या एखाद्या वस्तूच्या तोंडून लिहा, पण कुणाचे नाव घ्यायचे नाही. पहिल्या खेपेला एकाने अभियंत्याच्या पोटाचे वर्णन केले. मी फळ्यावरच्या प्रश्नाकडे बोट दाखवले. त्याने ते स्वतःच खोडले.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने रस्त्याच्या वतीने अर्ज लिहिला होता. विषय: कागदावरून जमिनीवर येण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदय, मी तीन वेळा डांबरी झालो आहे, तरी कृपया एकदा प्रत्यक्ष होऊ द्यावे. तिने तो अजिबात न हसता, कचेरीतल्या कारकुनाच्या सुरात वाचला. वर्ग आधी हसला, मग एकदम शांत झाला. एक जण म्हणाला, “सर, ह्याच्यात त्या सायबाचं नाव कुठंच नाही, मंग त्यालाच कसं लागलं?” त्या एका प्रश्नावर पुढचा पाऊण तास गेला. उपरोध, आव, बोलणारा, लक्ष्य, सगळे त्यातूनच निघाले. फळ्यावर रकाने पाडावे लागले नाहीत.

घंटा झाल्यावर मुलीने वही परत मागितली. ‘आपला विश्वासू’च्या खाली काहीतरी राहिलेय म्हणाली. उभ्या उभ्याच तिने एक ओळ वाढवली: सोबत, काम पूर्ण झाल्याचे दाखले, तीन.