‘अरेस्ट’, ‘अटक’ आणि ‘आसेध’

इंग्रजीतील ‘अरेस्ट’ या शब्दासाठी मराठीत ‘अटक’ हा प्रतिशब्द इतका रूढ झाला आहे की त्याच्या पुरेपणाविषयी सहसा शंका घेतली जात नाही. पोलिसी व्यवहारापुरता तो पुरतोही. परंतु लॅटिनमधील ‘मागे थांबणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून जुन्या फ्रेंचमार्गे आलेला हा इंग्रजी शब्द आरोपीला, हृदयाच्या क्रियेला, रोगाच्या वाढीला आणि प्रेक्षकाच्या नजरेलाही सारखाच लागू होतो. मराठी ही कामे वाटून देते : आरोपीला अटक होते, हृदय बंद पडते, वाढ खुंटते, नजर खिळते. ही विभागणी म्हणजे मराठीचे दारिद्र्य नव्हे. मात्र एखादा लेखक या अर्थांच्या एकत्वावरच विचार उभारतो, तेव्हा अनुवादकाची खरी अडचण सुरू होते.

जेम्स जॉइसच्या ‘अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट ॲज अ यंग मॅन’ (१९१६) या कादंबरीच्या पाचव्या प्रकरणात स्टीफन डेडालस आपला मित्र लिंच याला कलानुभवाचे स्वरूप समजावून सांगतो. वासना वस्तूकडे ओढते, तिटकारा तिच्यापासून दूर लोटतो. दोन्ही गतीच होत. कलानुभव मनाला या दोहोंच्या वर नेऊन थांबवतो. त्यासाठी ‘अरेस्ट’ हाच शब्द आपण योजला आहे, याकडे स्टीफन स्वतःच लिंचचे लक्ष वेधतो. येथे ‘अटक’ हास्यास्पद ठरेल. ‘खिळणे’ही अपुरे, कारण खिळण्यात वस्तूची ओढ शिल्लक राहते आणि स्टीफनला नेमकी तीच वगळायची आहे. अभिनवगुप्ताची ‘विश्रांती’ ही संज्ञा येथे सहज आठवते व ती बरीच जवळचीही आहे. पण विश्रांतीत बळाचा लवलेश नाही. जॉइसच्या शब्दात अडवणाऱ्या हाताची स्मृती टिकून आहे, आणि तौलनिक अभ्यासात ही स्मृती पुसली जाता कामा नये.

काफ्काच्या ‘डेर प्रोत्सेस’ या कादंबरीत (लेखन १९१४-१५, मरणोत्तर प्रकाशन १९२५) अडचण उलट दिशेने येते. जोसेफ के.ला तिसाव्या वाढदिवसाच्या सकाळी ‘अटक’ होते, आणि लगेच त्याला बँकेत कामावर जाण्याची मुभाही मिळते. भारतीय कायद्यातील व्याख्या येथे लावून पाहण्यासारखी आहे. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६, आणि १ जुलै २०२४पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३, यांनुसार अटकेसाठी शरीराला प्रत्यक्ष स्पर्श किंवा अवरोध लागतो. शब्दाने वा कृतीने स्वाधीन होणे हाच काय तो अपवाद. मराठी वाचकाच्या मनातली ‘अटक’ हीच, कोठडीकडे नेणारी. त्यामुळे के.चे बँकेत जाणे त्याला केवळ विक्षिप्त वाटण्याचा धोका संभवतो. (‘अटकेपार’ या प्रयोगातील अटक मात्र सिंधूकाठची, १७५८च्या मोहिमेची आठवण देणारी, तिचा इथे उपयोग नाही.) मूळ जर्मन क्रियापदाच्या शेजारी ‘चिकटून राहणे’ आणि ‘उत्तरदायी असणे’ असे दोन्ही अर्थ देणारे एक सगोत्र क्रियापद उभे आहे. के. कोठेही कोंडलेला नाही. त्याला काहीतरी चिकटले आहे. इंग्रजीतील ‘अरेस्ट’लाही हा अर्थ पेलत नाही, मग इंग्रजीवरून केलेल्या मराठी अनुवादाची कथा वेगळी सांगायला नको.

न कोंडता बांधून ठेवण्याची कल्पना भारतीय परंपरेला मात्र अपरिचित नव्हती. नारदस्मृतीत ‘आसेध’ ही संज्ञा येते : वादीने प्रतिवादीवर घातलेला कायदेशीर निर्बंध. त्याचे चार प्रकार सांगितले आहेत : स्थानाचा, काळाचा, प्रवासाचा आणि कर्माचा. पैकी कर्माच्या आसेधात माणूस आपल्या घरी, आपल्या गावी राहतो. फक्त एखादी कृती त्याला वर्ज्य होते. के.ची अवस्था ‘अटके’पेक्षा या आसेधाला अधिक जवळची आहे. साम्य ताणण्यात अर्थ नाही, कारण आसेध घालणारा वादी समोर असतो, वाद कशाचा हे ठाऊक असते. शिवाय नदी ओलांडताना, अरण्यात किंवा संकटात सापडलेल्याने आसेध मोडल्यास तो अपराधी ठरत नाही, अशी मोकळीकही नारद देतो. काफ्काच्या न्यायालयात ती नाही. अनुवादात हा शब्द चालणार नाही, तो आज कोणालाच कळायचा नाही. अनुवादाच्या प्रस्तावनेत मात्र त्याला जागा आहे, आणि ‘अटक’ या शब्दाने वाचकाची कोठे दिशाभूल होते हे तेथे दोन वाक्यांत सांगता येते.