सोन्याची शेवटची पायरी

कवठे महांकाळ, तासगाव, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातला गलाईवाला देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात भेटतो. मूस, भट्टी आणि तेजाब यांवर त्याचा संसार. सोने ओढावे तितके लांबते, हे त्याला कुणी सांगायला नको. पण कुठवर? याचे मला भेटलेले सर्वांत देखणे उत्तर एका आलेखात आहे.

द्रव हेलियमच्या थंडीत, उणे २६९ अंशांवर, सोन्याची बारीक तार ताणायची आणि तिच्यातून वीज किती वाहते ते टिपत राहायचे. रेषा घसरत नाही, पायऱ्यांनी उतरते. पायरीगणिक अणूंची मांडणी बदललेली असते. शेवटची पायरी सुमारे १२,९०० ओहमच्या रोधावर. तिथे दोन टोकांमध्ये उरतो एकच अणू. आता तार तुटणार, असे वाटते. पण ताण वाढतो आणि रेषा सपाटच राहते. मागचे अणू एकामागून एक ओळीत येतात, एकेरी साखळी होते. लांबी दुप्पट तर रोध दुप्पट हा शाळेतला नियम इथे चालतच नाही. साखळी लांबली तरी रोध जवळजवळ तोच! १९९८ साली ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झाले.

मला मात्र जास्त रस आहे तो २००२ च्या दुरुस्तीत. पुन्हापुन्हा तार तोडून शेवटच्या पायऱ्यांच्या लांब्या मांडल्या, तर ठरावीक अंतराने उंचवटे दिसतात. लगतच्या दोन उंचवट्यांमधले अंतर म्हणजे दोन अणूंमधले अंतर. ते आधी आले होते सुमारे ०.३६ नॅनोमीटर. अखंड सोन्यात ते ०.२८८ असते. इतके ताणलेले बंध टिकतील कसे? सिद्धान्तवाले ऐकेनात.

चूक पट्टीत होती. तार तुटल्यावर दोन टोकांमधली फट ०.१ नॅनोमीटरने रुंदावली की पलीकडे झिरपणारा प्रवाह साधारण दहापट घटतो, आणि याच घसरणीवरून अंतर ठरवायची रीत. मात्र त्यासाठी सोन्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला किती ऊर्जा लागते, ते पक्के ठाऊक हवे. थंडी नीट पोचावी म्हणून आत सोडलेल्या हेलियमने ती ऊर्जाच बदलली होती. प्रवाह अपेक्षेपेक्षा झपाट्याने घटला, आणि हिशेबात अंतर फुगले. कुणाशी संयोग न करणाऱ्या या वायूने केलेली लुडबुड मला कथेतल्या खलनायकाहून सरस वाटते, कारण त्याच्यावर संशय घ्यावा असे त्याच्यात काहीच नाही. कार्लोस उंतीट, यान व्हॅन राऊटनबेक आणि त्यांच्या लायडन-माद्रिदच्या सहकाऱ्यांनी पट्टी नव्याने ताडून पाहिली. उत्तर आले ०.२५, दोन शतांश इकडेतिकडे.

म्हणजे ताणलेल्या साखळीतले अणू अखंड सोन्यातल्यापेक्षाही जवळ. शेजारी कमी झाले की उरलेल्या शेजाऱ्याशी बंध घट्ट होतो. भट्टीत सोन्याच्या जोडीने येणाऱ्या चांदीला अशी लांब साखळी साधत नाही. प्लॅटिनम आणि इरिडियमला साधते. या जड अणूंमधले इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने फिरतात की तिथे आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा हिशेब धरावा लागतो, आणि साखळीतला बंध बळकट होतो तो त्यामुळेच.