कावसजीचे नाक आणि न दिसणारा हात

लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४च्या अंकात छापलेले कावसजीचे चित्र वैद्यकाच्या इतिहासावरील अनेक पुस्तकांत भेटते. नवे नाक बसवलेला एक माणूस आणि सोबत काही छोट्या आकृत्या. कावसजी इंग्रज फौजेत बैल हाकणारा. १७९२च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ एका कारागिराने त्याला नवे नाक दिले.

सोबतच्या मजकुरात रीत दिली आहे. मेणाची पातळ चकती नाकाच्या थोटावर बसवून आकार घ्यायचा, ती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि कडेने रेघ ओढायची. त्या मापाची कातडी सोडवून खाली वळवायची. दोन भुवयांमधली चिंचोळी पट्टी मात्र तोडायची नाही. तिच्यातून रक्त पोचत राहते. जोडावर काताच्या लेपाच्या कापडी पट्ट्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापायची.

या चित्राचे वाचन सहसा दोन प्रकारे होते. एक, सुश्रुताच्या परंपरेचा पुरावा म्हणून. दुसरे, लंडनमध्ये १८१४ साली कार्प्यूने केलेल्या शस्त्रक्रियेची नांदी म्हणून. दोन्ही वाचने पुण्याच्या त्या माणसाला ओलांडून जातात. सुश्रुतसंहितेत माप पानाने घेतले जाते आणि कातडी गालाची असते. इथे माप मेणाचे आणि कातडी कपाळाची. एवढा बदल पोथी पाठ करून होत नाही. तो करणाऱ्या हातांतून आणि पिढ्यांच्या सरावातून येतो.

आता नावे पाहा. चित्रकार जेम्स वेल्स, पेशवाईतल्या पुण्यात सवाई माधवरावांचे चित्र काढणारा. शस्त्रक्रिया पाहणाऱ्या मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांचीही नावे आहेत. रुग्णाचे आहे, ते पारशी वाटते, पण मजकूर त्याला शेतकरी मराठा म्हणतो. शस्त्रक्रिया करणाऱ्याची मात्र केवळ जात आहे: विटा पाडणारा. चित्रात तो नाहीच.

चित्रात त्याचे काही उरले असेल, तर मेणाच्या चकतीची ती आकृती. आपण हे चित्र पुन्हा छापतो तेव्हा त्याखाली सुश्रुताचे आणि कार्प्यूचे नाव येते. त्या दोघांच्या मध्ये ‘पुण्याजवळचा अनामिक शस्त्रवैद्य’ एवढे तरी लिहायला हवे.