मुभा आणि मान्यता : सणाच्या रंगमंचावरील स्त्रीवेष

मराठी रंगभूमीने समलिंगी जीवनाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हा प्रश्न निघाला की स्त्रीपार्टीच्या परंपरेचा दाखला हमखास दिला जातो. बालगंधर्वांची लोकप्रियता, तमाशातील नाच्या आणि गवळणीतली मावशी ही उदाहरणे मांडून, आपली रंगभूमी या बाबतीत पूर्वीपासूनच उदार होती, असा निष्कर्ष काढण्यात येतो. हा निष्कर्ष तपासून घ्यायला हवा. पुरुषाने लुगडे नेसण्याला असलेली मुभा आणि पुरुषाने पुरुषावर किंवा स्त्रीने स्त्रीवर प्रेम करण्याला मिळणारी मान्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीच्या पुराव्याने दुसरी सिद्ध होत नाही.

मुभेचे स्वरूप समजून घ्यायचे तर ती केव्हा मिळते, हे पाहावे लागते. इंग्लंडमध्ये नाताळच्या दिवसांत होणाऱ्या पँटोमाइम या नाट्यप्रकारात प्रौढ बाईची विनोदी भूमिका पुरुष करतो. या पात्राला ‘डेम’ म्हणतात. नायकाची भूमिका पूर्वापार तरुण स्त्री करीत आली आहे. डॅन लिनो या नटाने 1888 ते 1904 या काळात लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहातील नाताळी प्रयोगांत ही डेम गाजवली. लेकराबाळांसह सारे कुटुंब हा खेळ पाहते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. कारण लुगड्याआड पुरुष आहे हे सर्वांना ठाऊक असते, आणि सण सरला की डेमही सरते.

ब्रँडन टॉमस यांचे ‘चार्लीज आंट’ हे प्रहसन याच ऋतूचे अपत्य म्हणता येईल. लंडनमध्ये ते 21 डिसेंबर 1892 रोजी रंगभूमीवर आले, त्याचे सलग 1,466 प्रयोग झाले आणि पुढे अनेक वर्षे नाताळात त्याचे पुनरुज्जीवन होत राहिले. आचार्य अत्रे यांनी त्यावरून ‘मोरूची मावशी’ लिहिले. विजय चव्हाण यांनी मावशीची ती भूमिका पुढच्या पिढीपर्यंत पोचवली. मराठीत येताना या प्रहसनाचा नाताळशी असलेला संबंध सुटला. मग सणाकडून मिळणारी मुभा या मावशीला कोठून मिळाली?

उत्तरासाठी रंगमंचाचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. कर्नाळ्याच्या परिसरातील शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. त्यांचे नाव दिलेले नाट्यगृह जवळच पनवेल शहरात आहे. अशा नाट्यगृहातील नाटकाला सणवार लागत नाही, तिकीट पुरते. गावातला रंगमंच मात्र जत्रा, गणेशोत्सव किंवा पूजा अशा निमित्ताने उभा राहतो. पहिला रंगमंच नित्य, दुसरा नैमित्तिक. नैमित्तिक रंगमंचावरील स्त्रीवेषधारी पुरुषाला निमित्ताचेच संरक्षण असते. नित्य रंगमंचावर ते संरक्षण कथानकाला पुरवावे लागते. टॉमस यांच्या प्रहसनाची बांधणीच तशी आहे. वेष का घेतला, याचे कारण प्रेक्षकाला आधी कळते. खरी मावशी अवतरते आणि खोटीचा वेष गळून पडतो. शेवटी स्त्री-पुरुषांच्या जोड्या बिनबोभाट जुळतात. सणाचे काम येथे कथानक करते.

बाख्तिनच्या विवेचनात उत्सवी हास्य रूढ उतरंड काही काळ उलटी करते. त्यावर टेरी ईगल्टन यांचा आक्षेप असा की ही उलथापालथ सत्तेनेच परवानगी दिलेली असते. ज्यूडिथ बटलर यांनीही 1993 मध्ये दाखवून दिले की काही वेषांतरे भिन्नलिंगी व्यवस्थेला धक्का देत नाहीत. त्या व्यवस्थेची करमणूक म्हणूनच ती घडतात. मावशी या वर्गात बसते.

विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ (1981) या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. सुमित्रा ऊर्फ मित्रा ही महाविद्यालयीन तरुणी नाटकात पुरुषाची भूमिका करते आणि नायिका झालेल्या नमाच्या प्रेमात पडते. रंगमंचावर तिने पुरुष होणे महाविद्यालयाला चालते. पडदा पडल्यावरही तिची ओढ टिकून राहते, तेव्हा तीच ओढ कलंक ठरते. मुभा आणि मान्यता यांतले अंतर तेंडुलकरांनी येथे नाटकातल्या नाटकातून मांडले आहे. शीर्षकातील ‘मित्राची’ हे रूप ‘मित्र’ या पुल्लिंगी शब्दाचेही होते आणि ‘मित्रा’ या स्त्रीच्या नावाचेही. मात्र ही गोष्ट सांगतो बापू. मित्राचे दुःख प्रेक्षकापर्यंत एका पुरुषाच्या सहानुभूतीतून गाळून येते आणि तिच्या वाट्याला आत्महत्या येते. मान्यतेचा प्रश्न नाटककाराने ओळखला, पण त्यासाठी जगण्याची वाट त्याला दिसली नाही.

सतीश आळेकर यांचे ‘बेगम बर्वे’ (1979) उलट बाजूने निघते. संगीत रंगभूमीवर किरकोळ स्त्रीभूमिका केलेला बर्वे आता उदबत्त्या विकतो. तो काळ संपला, प्रेक्षक गेले. स्त्रीवेषाची आस मात्र देहात उरली. कारकुनाच्या दिवास्वप्नात तो नलावडेबाई होतो, त्याला दिवसही जातात. मावशीला पाहून हसणारा प्रेक्षक इथेही हसू लागतो आणि मध्येच थबकतो, कारण वेष उतरवण्याची हमी इथे कोणीच दिलेली नाही.

याचा अर्थ सणाचा रंगमंच मुळातच निरुपयोगी आहे, असा नव्हे. समलिंगी नाट्याला वाहिलेल्या ‘अबव्ह द स्टॅग’ या लंडनमधील नाट्यगृहाने 2022 मध्ये बंद पडेपर्यंत नाताळात प्रौढांसाठी खास पँटोमाइम सादर केले. डेम तीच, चावट कोट्याही त्याच जातीच्या; परंतु प्रेमिकांची जोडी पुरुषांची आणि हसणारे प्रेक्षक आपल्याच जीवनावर हसणारे. प्रकार बदलला नाही, हास्याची मालकी बदलली.

सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम 377 मधून वगळले. कायद्याने गुन्हा उरला नाही, म्हणून रंगभूमीवर मान्यता आपोआप येत नाही. समीक्षेने स्त्रीपार्टीच्या परंपरेला उदारतेचे प्रमाणपत्र म्हणून मिरवणे थांबवले, तर त्या मुभेखाली झाकली गेलेली माणसे निदान प्रश्न म्हणून तरी दिसू लागतील. लुगडे नेसलेल्या पुरुषाला पाहून कोण हसते, यापेक्षा ते उतरवायचे नाही असे त्याने ठरवल्यावर कोण उठून जाते, याची नोंद अधिक उद्बोधक ठरेल.